काटा म्हणतो ओके, पण टेप काय म्हणते?

शर्टाची साइज तीच, पँटची मात्र दोनदा वाढली. ओळखीचं वाटतंय? ‘वजन नॉर्मलच आहे, बसून बसून जरा पोट सुटलंय’ असं म्हणत आपण विषय संपवतो. पण आपल्या बाबतीत खरा विषय पोटाचाच आहे.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात तब्बल २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून चरबी. भारतीयांची ही ठेवण तेव्हापासून ‘थिन-फॅट’ म्हणून गाजली.

तिची सुरुवात जन्माआधीच होते. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हाडापेरानं लहान, पण चरबी मात्र त्या मानानं राखून असलेली.

पोटाचा घेर का महत्त्वाचा?

पोटातली चरबी लिव्हरभोवती आणि लिव्हरमध्येही साठते. मग इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो आणि डायबेटिस, बीपी, हृदयविकार तरुणपणीच दार ठोठावतात. म्हणून आपल्यासाठी निकष कडक आहेत. बीएमआय २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरपर्यंत, स्त्रियांची ८० पर्यंत. त्यापुढे धोक्याची घंटा.

ऑफिसात नेमकं होतं काय?

दिवसभर खुर्ची, कॅबमध्ये सीट, घरी सोफा. दर चहात दोन चमचे साखर धरली, तर चार कपांचे झाले आठ चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. त्यात कुणाच्या तरी बर्थडेचा केक, संध्याकाळचा वडापाव आणि रात्री अकराला मागवलेली बिर्याणी. भरीला झोप अपुरी. झोप कमी झाली की भूक वाढते, तीही गोड आणि तळलेल्याची. दोष फक्त जिभेचा नाही, टाइमटेबलचाही आहे.

आणि घरातलं पिल्लू?

‘आमचं बाळ कसं गुटगुटीत!’ हे कौतुक आपल्याकडे जुनं. पण जन्मतः हलकं असलेलं मूल नंतर भराभर जाड झालं, तर पुढचा धोका वाढतो. त्यात मैदानाऐवजी मोबाइल, डब्यात वेफर्स आणि प्रत्येक शाबासकीला चॉकलेट. मुलांना डाएटवर मात्र टाकू नका, ती वाढत असतात. ‘जाड्या’ म्हणून चिडवू तर अजिबात नका. डॉक्टरांकडे ग्रोथ चार्ट बघा आणि घरात सगळ्यांचंच ताट बदला.

आजपासून एवढंच करा

- महिन्यातून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून. पोट आत ओढून चीटिंग नको!
- चहातली साखर आधी निम्मी करा. जीभ पंधरवड्यात सरावते.
- आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चाला. मुलांना रोज तासभर खेळू द्या. दोन दिवस वजनं उचला किंवा जोर-बैठका काढा, कारण आपल्याकडे स्नायूच कमी असतात.
- ताटात आधी उसळ, कोशिंबीर, भाजी. मग पोळी-भात.
- रात्रीचं जेवण लवकर, आणि जेवताना टीव्ही-मोबाइल बंद.
- टेप ९० किंवा ८०च्या पुढे गेली, तर ब्लड शुगर तपासून घ्या. वय २८ असलं तरी.

क्रॅश डाएटनं उतरलेलं वजन बहुतेकदा व्याजासकट परत येतं. सवयीनं उतरलेला इंच टिकतो. तेव्हा जिमचं वर्षाचं पॅकेज राहू दे. आधी शिवणाच्या डब्यातली टेप शोधा. ती दहा रुपयांची वस्तू खोटं बोलत नाही.