संघर्ष, मध्यस्थी आणि संवाद : नामांतराच्या निमित्ताने

युद्ध चालू असताना बोलणी कशी करावीत, मध्यस्थ कोणी व्हावे, हा आता जगभर अभ्यासाचा विषय झाला आहे. विद्यापीठांतून संघर्ष-विश्लेषण शिकविले जाते आणि त्याची परिभाषा आपल्या शिबिरांतूनही ऐकू येऊ लागली आहे. परिभाषेला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या मराठवाड्याने 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे एक संघर्ष भोगला, तेथील कार्यकर्त्याने ही परिभाषा आपल्या अनुभवावर घासून घेतली पाहिजे.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. शरद पवारांच्या पुलोद सरकारला तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. ठराव मुंबईत झाला आणि आग मराठवाड्यातील खेड्यांत लागली. दलित वस्त्या जळाल्या, घरातले दाणे जळाले, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. ते मातंग समाजातील होते. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती, अशा शेतमजुरांनी विद्यापीठाच्या नावाची किंमत मोजली.

विश्लेषणाचा पहिला प्रश्न येथेच उभा राहतो. भांडण नेमके कशाचे होते? विरोधकांचे म्हणणे असे की, ‘मराठवाडा’ हे नाव या प्रदेशाच्या अस्मितेचे आहे. निजामी राजवटीशी झुंज देऊन 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झालेल्या प्रदेशाने 1958 साली मिळविलेले हे विद्यापीठ आहे. दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातील लोक या बाजूला होते, आणि त्या सर्वांना एका शब्दात जातीयवादी म्हणून निकालात काढणे सोपे असले तरी त्याने काही समजत नाही. दुसरीकडे एस. एम. जोशी, बाबा आढाव नामांतराच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे मतभेद सुशिक्षितांत होता आणि तो सभ्य भाषेत मांडला जात होता. मग प्रादेशिक अस्मितेच्या वादात मजुराची झोपडी का जळावी?

याचे उत्तर नावात सापडणार नाही. 1956 नंतर ठिकठिकाणी दलितांनी येसकरकी सोडली, मेलेले ढोर ओढणे सोडले. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाने, म्हणजे पुढच्या मिलिंदने, खेड्यापाड्यातील पोरांना शिकविले. ती पोरे शिष्यवृत्ती घेऊन, धुतलेले कपडे घालून सुटीला गावी येऊ लागली. काहींनी गायरानाचा तुकडा कसायला घेतला. हा सगळा हिशेब गावाच्या मनात साठत होता. ठरावाने त्याला निमित्त दिले. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी 1969 साली संरचनात्मक हिंसेची कल्पना मांडली : कोणी हात उगारलेला नसतानाही समाजाची रचनाच माणसाला मारीत असते. आपल्याला ही गोष्ट गाल्टुंग वाचण्याआधीपासून ठाऊक आहे. मात्र तिच्यातून निघणारा निष्कर्ष आपण पुरेसा वापरलेला नाही. दंगल थांबली म्हणजे केवळ जाळपोळ थांबली. ज्या रचनेतून ती उठली, तिला धक्काही लागलेला नसतो.

आता मध्यस्थीकडे वळू. नामांतरात मध्यस्थ कोण होते? शासन. ज्या शासनाने ठराव केला, त्याच शासनाने दंगलीनंतर तो स्थगित ठेवला, आणि नंतरची सरकारे ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ असे सांगत राहिली. ज्याचे घर जळाले आणि ज्याने जाळले, त्या दोघांना एकाच संयमाचा उपदेश करणारा मध्यस्थ तटस्थ नसतो. त्याने तराजू हातात घेण्यापूर्वीच एका पारड्यात वजन टाकलेले असते.

दुसरी गोष्ट वेळेची. बोलणी लांबली तर नुकसान कोणाचे, हे मध्यस्थीच्या प्रत्येक प्रसंगात पाहिले पाहिजे. सप्टेंबर 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू होते. सप्रू, जयकर, मालवीय धावपळ करीत होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण घड्याळ बाबासाहेबांच्या विरुद्ध चालत होते. गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर गावोगावच्या अस्पृश्यांचे काय झाले असते, याचे ओझे एकट्या त्यांच्या खांद्यावर होते. 71 ऐवजी 148 राखीव जागा मिळाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. 1932 ला घाईने जे साधले, ते 1978 नंतर दिरंगाईने साधले. ठराव कागदावर राहिला की विरोधकांचे काहीच बिघडत नव्हते. इकडे 1979 साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला, लोकांनी तुरुंग भरले, आणि 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले.

14 जानेवारी 1994 रोजी तोडगा निघाला. बाबासाहेबांचे नाव आले, ‘मराठवाडा’ही राहिले. त्याला नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. तडजोड म्हणून हे सूत्र वाईट नव्हते. माझ्या पिढीच्या पदवी-प्रमाणपत्रावर ते नाव आहे आणि ते आम्हाला प्रिय आहे. पण या तोडग्याच्या बैठकीत टेंभुर्णी नव्हती. विद्यापीठाचा प्रश्न सुटला. गावाचा प्रश्न त्या बैठकीपुढे आलाच नाही.

1994 हे वर्ष दक्षिण आफ्रिकेच्याही पहिल्या सार्वत्रिक मतदानाचे आहे. तेथे बोलणी आणि रक्तपात बरोबरीने चालले होते. 14 सप्टेंबर 1991 च्या राष्ट्रीय शांतता करारात केवळ पुढाऱ्यांच्या सह्या नव्हत्या. वस्ती-पातळीवर शांतता समित्या नेमण्याची तरतूद होती. तरीही जून 1992 मध्ये बोइपाटाँगला कत्तल झाली. तेव्हा मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने बोलणी थांबविली. ‘संवाद तोडला’ असा दोष त्यांना देता आला असता. पण सप्टेंबरमध्ये ते परत आले ते लेखी अटींवर : राजकीय कैद्यांची सुटका, हल्लेखोरांचा अड्डा बनलेल्या कामगार-वसतिगृहांना कुंपण, सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे घेऊन फिरण्यास बंदी. आधी जिवाची हमी आणि मग चर्चा, हा क्रम त्यांनी मान्य करून घेतला. त्या समित्या सर्वत्र यशस्वी झाल्या असे नाही. तरी वस्तीतला माणूस चर्चेच्या रचनेत होता. आपल्याकडे तो केवळ पंचनाम्यात होता.

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभे राहिले की ही उणीव आजही दिसते. नामांतरवाद्यांच्या घोषणा या चौकाने ऐकल्या. कोपर्डीच्या घटनेनंतर 9 ऑगस्ट 2016 रोजी मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा येथूनच निघाला. ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करावा ही त्याची एक मागणी होती. त्याच कायद्याच्या रक्षणासाठी आपले लोकही याच चौकात जमतात. चौकात सर्व येतात, पण वेगवेगळ्या दिवशी. दोघांचेही निवेदन शासनाकडे जाते, एकमेकांकडे कधीच जात नाही. कर्जात बुडालेल्या कुणब्याचे दुःख आणि बहिष्कृत मजुराचे दुःख यांची गाठ पडली तर शासनाला उत्तर देणे जड जाईल, म्हणून की काय, ती गाठ कोणी घालून देत नाही. (पुढारी दोन्हीकडचे, हे वेगळे सांगायला नको.)

गावपातळीवर मध्यस्थीची सरकारी सोय आहे. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. तंटे मिटविणाऱ्या गावाला बक्षीस ठेवले गेले. बांधाची भांडणे अशा समितीत मिटावीत, त्यात गैर काही नाही. परंतु बक्षीस फिर्यादींच्या कमी होण्यावर अवलंबून असेल, तर ज्याने फिर्याद करायची त्याच्यावर गावाचा दाब येणारच. म्हणून तंटामुक्तीच्या किंवा पोलीस ठाण्यातील शांतता समितीच्या बैठकीचे बोलावणे आले, तर आपल्या कार्यकर्त्याने नकारही देऊ नये आणि धावतही जाऊ नये. बैठक कोठे आहे ते विचारावे. मारुतीच्या पारावर असेल तर आपला माणूस तोंड उघडण्यापूर्वीच हरलेला असतो, ती शाळेत मागून घ्यावी. फिर्याद नोंदली गेली आहे का, की बैठक तिच्या ऐवजी आहे, हे पाहावे. ज्या बाईने मार खाल्ला ती स्वतः बोलणार आहे, की तिच्या वतीने सरपंच बोलणार आहे? आणि पिठाची गिरणी आपले दळण घेऊ लागली का, दुकानदार किराणा देतो का, पाणी मिळते का, मजुरीचे बोलावणे आले का, याची स्वतः वस्तीत जाऊन खात्री करावी. इतिवृत्तावर सही त्यानंतर करावी.