गावाचा ठराव (लेखांक 14) : नाली कुठे संपते?

पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीचा हिशेब या आठवड्यात मांडायचा, असं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण निलंगा तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न त्या हिशेबाच्या आधी सुटायला हवा. त्यांच्या गावच्या ग्रामसभेत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, सांडपाण्यासाठी सिमेंटची नाली बांधा. दुसरा म्हणतो, नांदेडसारखे शोषखड्डे घ्या. यातलं तांत्रिकदृष्ट्या बरोबर काय, असं त्यांनी विचारलं आहे. तंत्राचं उत्तर पुढे येईलच. पण माझ्या मते हा प्रश्न इंजिनिअरचा कमी आणि ग्रामसभेचा जास्त आहे. गावसुधारणेची चर्चा आपण नेमकी कुठे अर्धवट सोडतो, हे दाखवायला सांडपाण्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. म्हणून हा अख्खा लेखांक नालीला.

ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक उघडलं की एक ठराविक वाक्य वारंवार भेटतं. 'मारुती मंदिरापासून शाळेपर्यंत नाली बांधकाम करणे.' 'मुख्य रस्ता ते अमुक यांचे घरापर्यंत सिमेंट रस्ता व नाली करणे.' खाली सूचक, अनुमोदक आणि 'ठराव सर्वानुमते मंजूर'. काम कुठून कुठपर्यंत, हे या वाक्यात काटेकोर असतं, कारण अंदाजपत्रक मीटरवर निघतं. पाणी कुठून कुठपर्यंत, याचा मात्र त्यात उल्लेख नसतो. नाली शाळेपाशी संपते, पण पाणी तिथे थोडंच संपतं? ते उतार धरून पुढे जातं. आपली जुनी गावं पांढरीच्या उंचवट्यावर बसलेली. गढी, वाडे, देऊळ वरच्या अंगाला. खालच्या अंगाला पुष्कळ गावांत दलित वस्ती, मागाहून आलेल्यांची घरं आणि त्यापलीकडे ओढा. म्हणजे वरच्या आळीची सुधारणा होते, तेव्हा तिचं सांडपाणी खालच्या आळीच्या दारात जाऊन थांबतं. मग खालच्यांनी नाली मागायची आणि ते पाणी ओढ्यात ढकलायचं. ओढ्यातून ते मन्याडला, तेरणेला, मांजरेला जातं आणि खालच्या गावाची पाणीपुरवठ्याची विहीर बहुधा त्याच काठावर असते. ठरावात 'सर्वानुमते' लिहिलेलं असलं, तरी ज्याच्या दारात नाली संपणार त्याचं मत वेगळं नोंदवलेलं नसतं. माझा मुद्दा एवढाच आहे : ग्रामसभेपुढे 'नाली करायची का' असा प्रश्न ठेवणं म्हणजे अर्धा प्रश्न ठेवणं. 'पाणी शेवटी कुठे जाणार' हा त्याचा उरलेला अर्धा भाग, आणि तो विचारल्याशिवाय मंजूर झालेला ठराव गावाचा म्हणता येत नाही.

हे पाणी असतं तरी किती? 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर हे माप धरलं. 300 घरांचं, दीड हजार वस्तीचं गाव घेतलं, तर रोजचे 82 हजार 500 लिटर होतात. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि शौचालयात गेलेलं पाणी वगळा. न्हाणीतून, मोरीतून आणि धुण्याच्या दगडावरून बाहेर पडणारं दोन तृतीयांश धरा. हे 55 हजार लिटर झाले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे पूर्ण मापाने नळ चालले, तर साधारण आकाराचं एक गाव रोज त्या गाडीच्या एका वाघिणीएवढं सांडपाणी रस्त्यावर सोडेल. नळाचं पाणी घरात आणण्यासाठी आपण वर्षानुवर्षं ग्रामसभा गाजवल्या, आणि ते योग्यच होतं. पण जितके लिटर घरात येतात, त्यातले बहुतेक सायंकाळपर्यंत घराबाहेर पडतात. पाणीपुरवठ्याचा ठराव होतो, त्याच बैठकीत सांडपाण्याचाही व्हायला हवा. तो न झाल्यामुळे नळयोजना चांगली चाललेल्या गावात गल्ल्या जास्त चिखलाच्या झाल्या, असं उलटं चित्र उभं राहतं.

आता नांदेड. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी हे गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळे 'डासमुक्त गाव' म्हणून नावारूपाला आलं. पुढे 2015-16 च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेने हीच पद्धत रोजगार हमीतून जिल्हाभर नेली आणि ती 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यात ओळखली जाऊ लागली. खड्ड्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. घराच्या न्हाणीजवळ चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध वरच्या अंगाला भोकं पाडलेली सिमेंटची छोटी टाकी. तिच्या भोवती तळाशी मोठे दगड, वर लहान, आणि त्यावर माती पडू नये म्हणून आच्छादन. सांडपाणी आधी टाकीत उतरतं. साबणाचा साका, राख, खरकटं तिच्या तळाशी बसतं आणि वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत जाऊन जमिनीत जिरतं. जुने शोषखड्डे वर्षभरात तुंबायचे, कारण गाळ थेट दगडांत जायचा आणि मग सगळा खड्डा उपसावा लागायचा. टाकीमुळे गाळ एकाच ठिकाणी सापडतो आणि तेवढाच काढता येतो. मापही घरच्या पाण्याला पुरतं. चार फुटी खड्डा म्हणजे 64 घनफूट, सुमारे 1800 लिटर. दगडांमधली पोकळी एक तृतीयांश धरली तरी 600 लिटर. वरच्या हिशेबाने एका घराचं रोजचं सांडपाणी 180 लिटरच्या आसपास येतं. म्हणजे तीन दिवसांचं पाणी तो पोटात ठेवू शकतो.

यातून आरोग्याचा जो लाभ सांगितला जातो, तो नेमका समजून घ्यावा. हत्तीपायाचा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे या रोगाच्या पट्ट्यातले, म्हणूनच इथे घरोघर गोळ्या खाऊ घालण्याच्या मोहिमा झाल्या. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढा काळ उघड्यावर डबकं राहिलंच नाही, तर त्याची पैदास तुटते. डेंग्यूचा एडिस डास मात्र रांजणात, हौदात, टायरमध्ये साठलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो. त्याला शोषखड्डा रोखत नाही. त्यासाठी आठवड्याचा कोरडा दिवसच पाळावा लागतो. ग्रामसभेत दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नाही तर गावात डेंग्यूचा पहिला रुग्ण निघाला की खड्ड्यांवरचा विश्वास उडतो आणि चांगलं कामही बदनाम होतं.

शोषखड्ड्यांवरचे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला मातीचा. लातूरच्या खोल काळ्या जमिनीत पाणी जिरत नाही, असं म्हणतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळीत ओतलेलं पाणी गडप होतं आणि पाहणारा फसतो. माती फुगली की तीच भेग बंद होते. म्हणून चाचणी कोरड्या खड्ड्यावर घेऊ नये. फूटभर खड्डा पाण्याने भरून रात्रभर भिजू द्यावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाणी किती वेळात उतरतं ते पाहावं. खाली मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत खोदावं. मुरूमही नसेल आणि पाणी उतरतच नसेल, तर त्या आळीत शोषखड्ड्याचा हट्ट धरू नये; परसबाग करावी किंवा नाली करावी. दुसरा आक्षेप जागेचा. दाट गावठाणात चार फूटसुद्धा सापडत नाहीत, तिथे चार-पाच घरांनी मिळून पंचायतीच्या जागेत मोठा खड्डा घेता येतो. तिसरा आक्षेप भूजल बिघडण्याचा, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. शौचालयाचं पाणी या खड्ड्यात कधीच सोडू नये आणि हातपंप, आड, विहीर यांच्या जवळ खड्डा घेऊ नये. हे दोन नियम मोडणार असतील, तर खड्डा न घेतलेला बरा. चौथा आक्षेप तुंबण्याचा. खड्डा तुंबतो, तशी नालीही तुंबते. फरक असा की नाली तुंबली की पंचायतीच्या सफाई कामगाराची वाट पाहावी लागते, आणि खड्ड्याची टाकी घरच्यांना स्वतः काढता येते. ती कोण आणि कधी काढणार, हे ठरलेलं नसेल तर मात्र दोन पावसाळ्यांत सगळं मूळपदावर येतं.

यापुढचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. लोकांना नाली हवी आहे, ग्रामसभा सार्वभौम आहे, मग बाहेरून शहाणपण शिकवणारे तुम्ही कोण? मागणी खोटी नाही. चिखल तुडवत शाळेला जाणाऱ्या पोराच्या आईला कालपर्यंत नाली हाच एक उपाय दिसलेला असतो. शिवाय नाली डोळ्यांना दिसते, तिचं भूमिपूजन होतं, बिल एका मापात निघतं. 300 घरांचे 300 खड्डे म्हणजे 300 वेळा पटवणं, आखणं, मोजणं. पण सार्वभौम सभेपुढे विषय पूर्ण आला पाहिजे, हाच तर सार्वभौमत्वाचा अर्थ आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती, त्यातला 30 टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून. दीड हजार वस्तीला हे जास्तीत जास्त 4 लाख 20 हजार रुपये होतात. एवढ्यात किती मीटर नाली होईल, तिच्यात किती घरं येतील, ती कोणाच्या दारात संपेल. आणि तेवढ्यातच किती घरांचे खड्डे होतील, कोणत्या आळीत माती साथ देणार नाही : हे दोन्ही हिशेब फळ्यावर शेजारी शेजारी मांडून मग गावाने नाली निवडली, तर ती निवड मी मान्य करीन. एकच हिशेब दाखवून हात वर करायला सांगणं ही चर्चा होत नाही.

आणि हा हिशेब आधी महिला सभेत मांडला जावा. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे. दिवसाला किती घागरी न्हाणीत जातात, भांडी कुठे घासतात, धुणं कुठे होतं, पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबतं आणि ते कोण फडक्याने काढतं, हे ज्यांना पाठ आहे त्यांना शंभर माणसांच्या भर सभेत बोलायला वेळ मिळत नाही. टाकीतला गाळ काढण्याचं काम घरातल्या बाईवरच पडणार असेल, तर तेही तिथेच उघड बोललं जावं आणि घरातल्या पुरुषांच्या वाट्याला ते कसं येईल, हे ठरावं.

निलंग्याच्या वाचकांना माझं उत्तर असं : माती पाहा, उतार पाहा, मग गल्लीगणिक ठरवा. अख्ख्या गावाला एकच उपाय लागू पडेल, अशी अपेक्षा ठेवू नका. पण येत्या ग्रामसभेत नालीचा ठराव वाचला जाईल, तेव्हा कोणीतरी उठून एक दुरुस्ती सुचवा. 'मारुती मंदिरापासून शाळेपर्यंत' याच्या पुढे एक ओळ घाला : 'आणि शाळेपासून पुढे हे पाणी अमुक ठिकाणी, अमुक पद्धतीने जिरवले जाईल, देखभाल अमुक यांच्याकडे राहील.' ही ओळ लिहिता येत नसेल, तर ठराव तहकूब ठेवा. पुढची सभा होईपर्यंत नाली थांबली तरी चालेल. बंधित निधीचा हिशेब पुढच्या आठवड्यात नक्की.