फुकटची राख आणि पेव्हर ब्लॉक: ‘टेस्ट पास’ म्हणजे नक्की काय पास?

मारुंजीतल्या माझ्या दुकानात मागे एक मुलगा आला होता. पेव्हर ब्लॉकचं युनिट टाकायचं, मशीनचं टोकनही देऊन झालेलं. म्हणाला, “दादा, एक एजंट भट्टीतली राख फुकट देतोय. सिमेंटमध्ये मिसळली की खडी-क्रशसँडचा खर्च वाचतो. रिपोर्टपण आहे, टेस्ट पास.” मी म्हटलं, “रिपोर्ट दाखव.” एकच पान होतं. त्या पानावरून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो. मी बीबीएवाला, केमिस्ट्रीवाला नाही. त्यामुळे साध्या भाषेतच सांगेन.

आधी राख कोणती ते विचारा

फ्लाय अ‍ॅशच्या विटा आपण सगळ्यांनी बघितल्यात. ती राख औष्णिक वीज केंद्राची, म्हणजे कोळशाची. कचरा किंवा केमिकल जाळून उरलेली राख हा वेगळा माल आहे. नाव सारखं ऐकू येतं म्हणून गल्लत करू नका.

आपल्या शहराचंच बघा. मोशीला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. वर्षाला सुमारे २.५ लाख टन कचरा वापरायचा, असं त्याचं नियोजन. अशा कुठल्याही प्रकल्पात दोन प्रकारची राख निघते. एक भट्टीच्या तळाची, ती जास्त असते. दुसरी धूर गाळताना पकडलेली बारीक राख. ती थोडी, पण शिसं, कॅडमियम, जस्त आणि क्षार तिच्यातच जास्त जमतात.

२०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट होतं, की राखेतले विषारी धातू मर्यादेबाहेर गेले तर ती घातक कचऱ्याच्या केंद्रातच पाठवायची. आपल्या जिल्ह्यात असं केंद्र रांजणगाव एमआयडीसीत आहे. आणि घातक कचरा जाळून उरलेली राख तर घातक कचरा नियमांच्या यादीतच येते, क्रमांक ३७.२.

सिमेंट काय करतं?

सिमेंट विष नष्ट करत नाही, धरून ठेवतं. एक तर कठीण दगड होतो, पाणी आत जायला वाट कमी. दुसरं, सिमेंट अल्कलीचं असल्यामुळे बरेच धातू न विरघळणाऱ्या रूपात बसतात.

पण गंमत इथेच आहे. शिसं आम्लातही विरघळतं आणि फार जास्त अल्कलीतही. म्हणजे “अजून सिमेंट घाल, सेफ होईल” हे दर वेळी खरं नाही. सहा-संयुजी क्रोमियम तर नुसत्या सिमेंटने नीट धरलाच जात नाही. त्याला आधी फेरस सल्फेटसारखं काहीतरी लावून साधं करावं लागतं. राखेत जस्त जास्त असेल तर सिमेंट उशिरा सेट होतं. अ‍ॅल्युमिनियमचे कण असतील तर गॅस सुटून ब्लॉक फुगतो, तडकतो.

टीसीएलपी टेस्ट कशी होते?

मुलाच्या रिपोर्टवर हेच नाव होतं. यात क्युरिंग झालेला नमुना ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक फोडतात. वजनाच्या २० पट आम्लाचं पाणी घालतात, म्हणजे १०० ग्रॅमला २ लिटर. बाटली मिनिटाला ३० फेऱ्यांनी सुमारे १८ तास उलटीपालटी फिरवतात. मग गाळून त्या पाण्यात धातू किती उतरला ते मोजतात. आपल्या नियमांत मर्यादा अशा: शिसं ५, कॅडमियम १, पारा ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर.

आता पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिसं किती चालतं? ०.०१. म्हणजे टेस्टमधली मर्यादा ५०० पट आहे! टेस्ट पास याचा अर्थ “या कसोटीवर घातक कचरा ठरला नाही” एवढाच. शाळेच्या अंगणात किंवा बोअरवेलशेजारी बिनधास्त बसवा, असा नाही.

एक हिशोब करून बघू

आकडे फक्त समजण्यासाठी. समजा राखेत किलोला २,००० मिलिग्रॅम शिसं आहे. तुम्ही मिश्रणात १० टक्के राख घातली. आता ब्लॉकमध्ये किलोला २०० उरलं. ते सगळंच्या सगळं उतरलं तरी २०० भागिले २० म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति लिटर. राख ५ टक्के केली तर? ५ वर आला, म्हणजे सिमेंटने काहीही न धरता आकडा निम्मा! ही नुसती पाणी घालून पातळ केलेली आमटी झाली. म्हणून रिपोर्टमध्ये तीन आकडे हवेत: कच्च्या राखेतला एकूण धातू, मिश्रणात राख किती, आणि शेवटी उतरला किती.

मग काय विचारायचं?

१. नमुना कोणी, कधी, किती ठिकाणांहून घेतला? राख दर लॉटला बदलते. एक पुडी म्हणजे अख्खा ट्रक नव्हे.

२. किती दिवस क्युरिंग करून तपासलं? २८ दिवसांचा ब्लॉक विकायचा असेल तर टेस्टही त्याचीच हवी.

३. शेवटी पाण्याचा पीएच किती होता? सिमेंट टेस्टमधलं आम्ल मारून टाकतं. पीएच ९-१० च्या आसपास थांबला तर शिसं सगळ्यात कमी विरघळतं आणि रिपोर्ट सुंदर दिसतो. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ब्लॉकचा पीएच वर्षानुवर्षं बदलत जातो.

४. अख्ख्या ब्लॉकची टाकी टेस्ट केली का? त्यात ब्लॉक न फोडता पाण्यात ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी पाणी बदलून मोजतात. अमेरिकेतल्या १३१५ नंबरच्या पद्धतीत हे ६३ दिवस चालतं. पावसात भिजणाऱ्या ब्लॉकच्या हे जास्त जवळचं आहे.

५. लॅबला या टेस्टसाठी एनएबीएल मान्यता आहे का?

आणि सगळ्यात आधी कागद. घातक कचरा कच्चा माल म्हणून वापरायचा तर नियम ९ प्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. ती केंद्रीय मंडळाच्या कार्यपद्धतीवर दिली जाते. एजंटचा शब्द म्हणजे परवानगी नाही. ब्लॉकच्या ताकदीचं आयएस १५६५८ चं सर्टिफिकेटही इथे कामाचं नाही. ब्लॉक मजबूत असणं वेगळं आणि त्यातून काही न झिरपणं वेगळं.

त्या मुलाने हे प्रश्न एजंटला पाठवले. उत्तर आलं नाही, नंतर फोनही लागेना. आज तो कागदपत्रांसह मिळणारी कोळशाची फ्लाय अ‍ॅश वापरतो. नफा ब्लॉकमागे थोडा कमी आहे. पण सोसायटीवाल्यांनी “यात काय घातलंय?” विचारलं, की तो फाईल उघडून दाखवतो.

मित्रांनो, फुकट माल घेताना एकच विचार करा. तो देणारा मोकळा होतोय, मग जबाबदारी कोणाच्या अंगणात येतेय? ब्लॉकवर छाप तुमची असते, राखेवाल्याची नाही.