सायकल चोरीला गेल्यावर

कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहन नाही. तिची आरटीओत नोंद होत नाही, विमाही सक्तीचा नाही. तिची खरी ओळख म्हणजे फ्रेमवर, बहुधा पेडलच्या अक्षाखाली, ठोकलेला नंबर. तो आजच टिपून ठेवा. चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर नव्या फौजदारी कायद्यांनुसार गुन्हा अदखलपात्र ठरतो. म्हणून तक्रारीसोबत खरेदीची पावती हवीच. घराचा विमा असेल, तर बाहेर लावलेली सायकल त्यात येते का, ते पॉलिसीत वाचा. भरपाईतून घसारा बहुधा वजा होतो.

नवी सायकल हप्त्यांवर घेताना मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसा. २४,००० रुपये ‘फ्लॅट १० टक्के’ दराने वर्षभरासाठी घेतले, की हप्ता २,२०० रुपये. मुद्दल दरमहा घटत जाते, व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लागते. त्यामुळे खरा दर पडतो जवळपास १८ टक्के! मला तरी चांगली वापरलेली सायकल अधिक पटते. फ्रेमच्या सांध्यांजवळ तडे नाहीत ना, तेवढे बघा. नंबर खरवडलेला असेल, तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे.