आधी कानाचे बजेट, मग हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर

कशेळ्याजवळच्या एका बौद्धवाडीतून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे एकाच पाकिटात तीन प्रश्न आले. पहिला कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा. तो रोज रिक्षाने नेरळला येतो आणि लोकलने कल्याण गाठतो. दीड हजारात चांगला हेडफोन कोणता, असे त्याने विचारले होते. दुसरा विहार समितीचा. वर्गणीतून पंचवीस हजार जमले आहेत, त्यात जास्तीत जास्त वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे बॉक्स बसतील का? तिसरा प्रश्न पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला होता. आजीला नीट ऐकू येत नाही, बाजारात कानात घालायचे मशीन सातशे रुपयांना मिळते, घेऊ का?

आरोग्याच्या पानावर या खरेदीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण तिन्ही प्रश्नांत पैशाचे बजेट होते आणि कानाचे बजेट कुठेच नव्हते. पैसा पुन्हा कमावता येतो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी घेऊन माणूस जन्मतो. मेलेली पेशी परत उगवत नाही, आणि त्यावर गोळी, थेंब किंवा ऑपरेशन असा इलाज आज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास उरतात आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे. आता त्या मुलाचा आठवडा पाहा. येताना-जाताना मिळून रोज दीड तास, सहा दिवसांचे नऊ तास. गाडीचा खडखडाट, डोक्यावरचे पंखे, उघडे दार, गर्दीचा कलकलाट या सगळ्यावर गाणे चढवायचे म्हणून आवाज ९० वर नेला, तर त्याचे आठवड्याचे चार तास बुधवारी परतीच्या गाडीतच संपतात. गुरुवारपासून तो उधारीवर ऐकतो. तेच गाणे ८० वर ऐकले तर नऊ तास काहीच नाहीत. म्हणजे दीड हजारात विकत घ्यायची गोष्ट आहे ती हे दहा डेसिबल. बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन घेतला की गाण्याचा आवाज आपोआप खाली ठेवता येतो.

लोकलसाठी आमची पसंती कानात घट्ट बसणाऱ्या, टोकाला रबर असलेल्या वायरच्या इअरफोनला. डब्यात लहान, मध्यम आणि मोठे असे तीन मापांचे रबर येतात. बहुतेक जण मधले लावून बाकीचे हरवतात. तिन्ही लावून पाहावेत, दोन कानांना वेगवेगळे मापही लागू शकते. रबर नीट बसले की आजूबाजूचे बोलणे एकदम दूर गेल्यासारखे वाटते. पाचशे-सातशे रुपयांत बरा इअरफोन मिळतो. तुमच्या फोनला गोल पिनची जागा आहे का तेवढे आधी बघा, नाहीतर टाइप-सीचा घ्या. आतून उलटा आवाज सोडून बाहेरचा गोंगाट पुसणारे बिनवायरचे इअरबड आता दीड-दोन हजारांत येतात. गाडीच्या घरघरीसारखा जाड, एकसारखा आवाज ते चांगला कमी करतात, माणसांचे बोलणे तितके नाही. रोजचा प्रवास लांबचा असेल तर ते पैसे वाया जाणार नाहीत. मागून जाळी असलेले उघड्या पाठीचे हेडफोन मात्र लोकलमध्ये निरुपयोगी. ते शांत खोलीत संगीत ऐकणाऱ्यांसाठी असतात.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. २० ते २०,००० हर्ट्झ हे शंभर रुपयांच्या इअरफोनवरही छापलेले असते. कामाचा आकडा आहे ओहम. फोनवर वापरायचा तर १६ ते ३२ ओहमचा घ्या, तो फोनच्या ताकदीवर सहज वाजतो. २५० किंवा ३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन स्वस्तात मिळाले म्हणून घेतले तर ते फोनवर बारीक वाजतात आणि वेगळा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. यूट्यूबवर सांगतात म्हणून काही मुले साध्या ३२ ओहमच्या इअरफोनलाही असा अ‍ॅम्प्लिफायर जोडतात. त्याने फक्त कान मारण्याची सोय वाढते. आणखी एक सांगायचे तर बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीसारखे जुने ध्वनिमुद्रण किंवा कॅसेटच्या काळातली भीमगीते महागड्या हेडफोनवर जास्त स्पष्ट होत नाहीत. मुळातला खरखराटच जास्त स्पष्ट होतो.

आवाजाची पट्टी कुठे ठेवायची? साठ टक्के, सत्तर टक्के असे सांगतात, पण प्रत्येक फोनचे साठ टक्के वेगळे असतात. रात्री घरात सामसूम असताना जिथे शब्द न् शब्द नीट कळतो ती खूण लक्षात ठेवा. गाडीत तिच्यावर एक-दोन पायऱ्या, त्याहून वर नाही. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर रबर बदला. आणि फाटक ओलांडताना, रुळांजवळ चालताना, मोटारसायकलवर दोन्ही कान मोकळे ठेवा, त्याला कोणताही अपवाद नाही. आपल्या भागातला पावसाळा कानांना वाईट. ओल्या कानात इअरफोन घालू नका, दुसऱ्याचा वापरू नका. कान वाहत असेल तर आत घालायचे सगळे बंद, आधी डॉक्टर. कोमट तेल आणि हेअरपिनसुद्धा बंद.

खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांनी एक जास्तीचा हिशेब करावा. यंत्रावर आठ तास घालवले की कानाचे आठवड्याचे बजेट तिथेच खर्च होते, घरी येताना गाण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. कंपनीने दिलेले इअरप्लग खिशात ठेवायचे नसतात.

आता विहाराकडे येऊ. समितीचे पत्र वाचून आम्ही उलट विचारले, की अ‍ॅम्प्लिफायर वर्षातून किती दिवस आणि कशाला लागतो? उत्तर आले ते असे. १४ एप्रिलची मिरवणूक एक दिवस, बुद्ध पौर्णिमा, ६ डिसेंबरचे अभिवादन आणि वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन. म्हणजे नव्वद संध्याकाळी एक माणूस वाचतो आणि साठ-सत्तर माणसे ऐकतात. त्यात मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या उपासिकांना काही कळत नाही, कारण वर पत्रा आहे आणि पत्र्यावर कर्जतचा पाऊस आहे. खरेदी या नव्वद संध्याकाळींसाठी व्हायला हवी. मिरवणुकीचा सेट एका दिवसापुरता मंडपवाल्याकडून भाड्याने आणता येतो.

वॅटचा मोह इथे सोडावा लागतो. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, जेमतेम जाणवण्याइतका. कानाला दुप्पट वाटायचे तर वॅट दहापट करावे लागतात. याउलट बॉक्स ऐकणाऱ्याच्या निम्म्या अंतरावर आणला तर उघड्यावर ६ डेसिबल फुकट मिळतात, म्हणजे ५० वॅटचे २०० वॅट झाल्यासारखे. बंद खोलीत भिंतींमुळे हा फायदा थोडा कमी भरतो, पण दिशा तीच. म्हणून पुढे दोन दांडगे बॉक्स ठेवून पहिल्या रांगेतल्या पोरांचे कान फोडण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मिळून चार लहान, उभे कॉलम स्पीकर लावा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, खाली झुकवून. अशा विहाराला ४० ते ६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. भोंगा मैदानावर बोलणे लांब पोहोचवायला चांगला, खोलीत तो कर्कश लागतो.

दुकानात वॅट विचारताना आरएमएस वॅट विचारा. पीएमपीओचा हजारांतला आकडा जाहिरातीचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लाइन असे स्क्रू असतात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, तेव्हा वायर ४ च्या स्क्रूला. चार स्पीकर लांब वायरने लावायचे तर १०० व्होल्ट लाइनचे, ट्रान्सफॉर्मर बसवलेले स्पीकर घ्यावेत, त्यात ओहमची डोकेदुखी नाही. फक्त सगळ्या स्पीकरच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त नको. बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा अ‍ॅम्प्लिफायर बघा, कारण कशेळ्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि वाचन अर्ध्यावर राहते. तीन पिनांची पिन आणि खरे अर्थिंग हवेच. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून धातूचा माईक धरल्यावर झिणझिण्या आल्या तर तो माईकचा दोष समजू नका, कार्यक्रम थांबवा आणि वायरमनला बोलवा.

माईकवर चार पैसे जास्त खर्च करा. तोंडापासून चार बोटांवर धरलेला माईक निम्मे काम करतो. लांब धरला की अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवावा लागतो आणि मग शिट्टी मारतो. माईकच्या तोंडासमोर स्पीकर येणार नाही असे बसा. आणि पत्र्याच्या आवाजाशी वॅटने भांडू नका. पत्र्याखाली छत घालून घेतले तर पाऊस खाली बराच कमी ऐकू येतो. आम्ही समितीला लिहिले, की पंचवीस हजारांतले काही त्या छताला लावा. ध्वनिव्यवस्थेच्या पैशातून सुताराला पैसे द्यायचे हे काही सभासदांना पटले नाही असे कळते. आमचे मत बदललेले नाही. कशेळ्याहून जवळच आंबिवलीचे लेणे आहे, मोठे दालन आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. तिथे मध्ये उभे राहून साध्या आवाजात बोलून पाहा, बसायची जागा कशी आहे यावर ऐकणे किती अवलंबून असते ते कळेल.

जयंतीच्या मिरवणुकीबद्दल लिहिले की राग येतो, तरी लिहितो. डीजेच्या भिंतीजवळ आवाज सहज शंभराच्या वर जातो, आणि शंभराला आठवड्याची २० मिनिटे हे वर सांगितले. मिरवणूक पाच तास चालते. गाडीवर उभी राहणारी, बॉक्सला टेकून नाचणारी मुले आपली आहेत. कान आधी वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. त्यामुळे आवाज ऐकू येतो पण स, श, फ, ख अशी अक्षरे निसटतात आणि समोरचा पुटपुटतो असे वाटते. मुलाला हे वर्षानुवर्षे कळतच नाही. कळते ते सैन्यभरतीच्या किंवा पोलीसभरतीच्या वैद्यकीय तपासणीत, सगळे पेपर आणि मैदान पास झाल्यावर. दुसऱ्या दिवशी कानात घणघण किंवा शिट्टी राहिली तर पेशींना मार बसला असे समजावे.

वामनदादा कर्डकांची गाणी ढोलकी आणि हार्मोनियमवर गावोगाव गेली ती शब्दांसाठी. छाती हादरवणाऱ्या बेसमध्ये ते शब्दच ऐकू येत नाहीत, हे डीजे लावणाऱ्यांनाही माहीत आहे. निदान एवढे करा. तान्ही मुले आणि गरोदर बाया बॉक्सपासून लांब, गाडीवरच्या मुलांना फोमचे इअरप्लग. दहा-वीस रुपयांना जोडी मिळते. चोळून बारीक करून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. दर तासाला दहा मिनिटे लांब जाऊन उभे राहा. कायद्याचेही लक्षात असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्या यादीत आपला दिवस आहे का हे पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न आजीचा. सातशे रुपयांचे ते मशीन म्हणजे कानात बसवलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायरच. तो भांड्यांचा खणखणाट, पंखा, नातवाचे बोलणे सगळे सारखेच मोठे करतो. आजीचा कान कोणत्या पट्टीत किती गेला आहे हे त्याला माहीत नसते. तपासणीनंतर बसवलेले श्रवणयंत्र तेवढीच पट्टी उचलते आणि एकदम मोठा आवाज आला तर तो दाबतेही. तेव्हा ते मशीन घेऊ नका. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या कानात नुसता मळ अडकलेला असतो आणि तो काढला की प्रश्न मिटतो. एका कानाने एकाएकी, दोन-तीन दिवसांत ऐकू येणे बंद झाले असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, तिथे दिवस मोलाचे असतात.

मळ नसेल तर श्रवणक्षमतेची तपासणी लागेल. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. नेरळहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने वांद्रे. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना श्रवणयंत्र मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळते, त्यासाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि आधीचे केसपेपर असतील तर तेही न्या. सोबत घरातले एक माणूस असू द्या, कारण यंत्र कसे घालायचे, सेल कसा बदलायचा आणि रात्री काढून कोरड्या डबीत कसे ठेवायचे हे तिथे एकदाच दाखवतात आणि आजीला पहिले पंधरा दिवस ते काढून टाकावेसेच वाटेल.