तारेच्या टोकावरील पुस मॉथ

15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं टपालाच्या पिशव्या घेऊन एक लहानसें विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस, जुहूच्या मैदानावर उतरविलें. तेथून तें टपाल नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं बळ्ळारीवरून मद्रासेस नेलें. मुंबईहून बळ्ळारीस उडत जावयाचें तर सह्याद्रि ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं. तेव्हां कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यास त्या विमानाविषयीं आपुलकी वाटावी हें साहजिकच आहे. टाटांच्या विमानाच्या जातीचें नांव पुस मॉथ. त्याची कसरती प्रतिकृति कशी करावी तें येथें सांगावयाचें आहे.

हें विमान तारेनें चालवावयाचें असतें. चालविणारा मध्यें उभा राहतो. त्याच्या हातांतील मुठीपासून पोलादाच्या दोन बारीक तारा विमानाच्या पंखांत जातात आणि विमान त्याच्याभोंवतीं वर्तुळांत फिरतें. पंखाच्या आंत एक लहान तरफ बसविलेली असते. मूठ कलविली कीं एक तार ओढली जाते, तरफ फिरते, शेपटीवरील झडप वर होते आणि विमान नाक उचलतें. दुसरी तार ओढली कीं तें खालीं येतें. एवढ्यावर त्यास कोलांट्या मारतां येतात आणि उताणें उडतांहि येतें.

परंतु हुबेहूब प्रतिकृतीस हें साधत नाहीं, आणि विद्यार्थी फसतात ते येथेंच. मूळ पुस मॉथचे पंख टोकापासून टोकापर्यंत 36 फूट 9 इंच होते. नवव्या हिश्श्यानें ते 49 इंच भरतात. इतपत मूळ माप पाळावें. पंखाचा छेद मात्र पाळूं नये. मूळ पंख वरून फुगीर आणि खालून सपाटसर, म्हणून तो सुलटा चांगला उचलतो, उलटा नाहीं. आपला पंख दोन्ही अंगांनीं सारखाच फुगीर हवा. नवव्या हिश्श्यानें पंखाचें क्षेत्रफळ 400 चौरस इंचांहून थोडें कमी येतें. तें 500 च्या घरांत नेण्यासाठीं रुंदी दोन इंचांनीं वाढवावी. मूळ पंख खोलीच्या छपरावर आहे, तो खालीं आणावा. कारण वजनाचा मध्य तारांच्या फार खालीं राहिला तर विमान एका अंगास कलतें. शेपटीहि मोठी करावी.

मग पुस मॉथचें राहिलें काय? एंजिनाचें लांबट नाक, खिडक्यांची ओळ, शेपटीची गोलाई आणि पंखांचे तिरपे टेकू. 1930 नंतर या जातीचीं कांहीं विमानें पंख मोडून हवेंतच कोसळलीं. पुढें चौकशीअंतीं टेकूस आणखी एक आखूड आधार जोडण्यांत आला. प्रतिकृतींत तो आधार अवश्य दाखवावा.

बांधणीस बाल्सा लांकूड घ्यावें. बाशिंगाचा भेंड त्याहूनहि हलका, पण तो ताण सोसत नाहीं. एंजिन सुमारें पावणेसहा घन सेंटिमीटरचें पुरे.

तारा ताठ राहणें हा या खेळाचा प्राण आहे. साठ फुटांच्या तारेवर एक फेरा पांच सेकंदांत झाला, तर हातास विमानाच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट ओढ बसते. विमान डोक्यावर आलें कीं पृथ्वीचें आकर्षण त्यांतील कांहीं ओढ खाऊन टाकतें. म्हणून बाहेरील पंखाच्या टोकांत तीसेक ग्रॅम शिसें घालतात व एंजिनाचें तोंड किंचित् बाहेर वळवितात. आंतील पंख हळू फिरतो व कमी उचलतो, याकरितां तो पाऊण इंच लांब ठेवतात. इंधनहि बाहेरच्या बाजूस फेंकलें जातें. म्हणून टाकीची निमुळती कड बाहेर ठेवून नळी तेथूनच घ्यावी. इंधन म्हणजे मेथॅनॉल आणि एरंडेल. एरंडेलाचें नांव काढतांच मुलांचीं तोंडें वांकडीं होतात, पण एंजिनास तें मानवतें. मेथॅनॉल मात्र विष आहे व त्याची ज्योत दिवसां दिसतहि नाहीं. बाटली पालकांनीं आपल्या ताब्यांत ठेवावी.

आतां मैदान. भात कापल्यावर खाचरें कोरडीं होतात, पण बांधांमुळें एवढें वर्तुळ त्यांत क्वचितच बसतें; शाळेचें पटांगण बरें, आणि वेळ सकाळची, वारा उठण्यापूर्वींची. सर्वांत मोठें भय विजेच्या तारांचें. ज्या टाटांच्या घराण्यानें हें टपाल उडविलें त्यांच्याच कंपन्यांनीं खोपोलीस 1915 सालीं व भिवपुरीस 1922 सालीं वीज निर्माण करण्यास आरंभ केला. तेव्हां उंच मनोऱ्यांवरच्या तारा आपल्या मुलांस जन्मापासून परिचयाच्या, आणि परिचयामुळें भीति उरत नाहीं. विमानाच्या पोलादी तारेनें त्यांस स्पर्श केला तर मुठीशीं उभा असलेला मुलगा वांचणें कठीण. उच्च दाबाची वीज तर स्पर्शावांचूनहि झेंप घेते. वर्तुळाच्या मध्यापासून दोनशें फुटांच्या आंत एकहि वीजतार नसावी. आकाशांत गडगडाट ऐकूं आल्यास तारा गुंडाळून घरीं यावें.

उडविण्यापूर्वीं एकानें विमान धरावें व दुसऱ्यानें ताणकाटा लावून मूठ ओढावी. विमान एक किलोचें असेल तर काटा दहा किलोंवर जाईपर्यंत ओढावें. कांहीं सुटलें नाहीं, तारांस पीळ नाहीं आणि मूठ वर कलवितांच झडप वरच जाते, एवढें पाहून मग एंजिन सुरू करावें.