माडीची सागवानी जमीन

"वहिनी, माडी उतरवून टाकू. जुन्या सागवानाला भाव आहे, त्यात स्लॅबचा बराच खर्च निघेल." गेल्या दिवाळीत धाकट्या दिरांनी हे सांगितले तेव्हा सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात थांबला. त्यांची दोन्ही बाळंतपणे त्याच माडीवर झालेली. मी पटकन म्हणून गेले, "पाडव्यापर्यंत मला द्या. जमीन नीट झाली नाही तर मग उतरवा." बोलून बसले खरी, सुताराचा रंधा मी तोवर हातातही धरलेला नव्हता.

आमचे सोनगीर धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेले गाव. जुनी घरे आपल्याकडच्या रीतीची: जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर, वरून शेणाचे सारवण. मातीमुळे पावलांचा आवाज खाली येत नाही, फटींतून धूळ गळत नाही. आमच्याकडे पुढे कुणीतरी अर्ध्या माडीवरची माती काढून फळ्यांना तांबडा ऑइलपेंट फासला होता. उरलेल्या अर्ध्यात माती तशीच.

ती माती काढताना कळले की केवढे ओझे होते ते! दहा बाय दहाच्या खोलीत तीन इंच थर म्हणजे पंचवीस घनफूट माती, साधारण एक टन. पाट्या भरभरून खाली नेल्या तेव्हा घरातल्या साऱ्यांच्या कमरा धरल्या.

सुतारमामांनी मात्र फळ्यांकडे बघितलेच नाही. आधी ते तुळयांची भिंतीत गेलेली टोके पेचकसच्या मुठीने ठोकत फिरले. पावसाची ओल भिंतीतून तिथेच पोचते, म्हणून कूज तिथून सुरू होते. भरीव लाकूड खणखणते, कुजलेले भदभद वाजते. पश्चिमेकडचे एक टोक तसे वाजले. वाळवीही फळीवर आधी दिसत नाही. जमिनीतून भिंतीवर मातीची बारीक नळी चढते, ती शोधावी. सागाच्या गाभ्यात तेल असते म्हणून वाळवी तो सहसा सोडते, पण बाहेरचे पांढरट लाकूड चट्टामट्टा करते. मैत्रिणींनो, तुमच्याकडे जुनी माडी असेल तर पॉलिशच्या गोष्टी नंतर, ही ठोकाठोकी आधी.

माझी पहिली चूक उत्साहाची. फळ्या स्वच्छ व्हाव्यात म्हणून मी सोड्याचे पाणी बादलीने ओतले. दुसऱ्या दिवशी चार फळ्यांच्या कडा पन्हळीसारख्या उचललेल्या! सुतारमामा हसले नाहीत, एवढेच उपकार. फळ्या हळूहळू वाळून बऱ्याचशा बसल्या. लाकूड पुसायचे ते पिळलेल्या फडक्याने.

रंगाची गोष्ट गंभीर आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगात शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. कोरडे घासले की ती भुकटी पोरांच्या पोटात जाते. आम्ही रंग जरा जरा ओलावून खरवडला, नाकाला मास्क लावला, मुलांना वर बंदी केली.

मग खिळ्यांची डोकी आत ठोकून घेतली, नाहीतर रंध्याची धार जाते. सागात वाळूसारखा अंश असतो, तो पात्याला तसाही बोथट करतो. पॉलिश पेपर आधी ६० नंबर, मग १००, शेवटी १५०, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषेने. आडवे घासले की ओरखडे तेल लागल्यावर डोळ्यांत खुपतात. फटी मात्र गच्च बुजवू नका. आपल्या खानदेशच्या वैशाखात फळ्या आकसतात आणि श्रावणात फुगतात. त्यांना हलायला जागा हवी.

वरून काय लावावे? लाखेचे फ्रेंच पॉलिश कपाटाला शोभते, पण जमिनीवर पाणी सांडले की पांढरे डाग पडतात. आम्ही बेल तेल, म्हणजे जवसाचे उकळलेले तेल घेतले. पहिल्या हाताला निम्मे टर्पेंटाईन. अर्ध्या तासाने जे मुरले नाही ते पुसून काढायचे, नाहीतर चिकट राहते. दोन-तीन दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा.

आणि इथेच घर जायचे! पहिल्या दिवशी दमून मी तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकली आणि झोपले. रात्री सासूबाईंनी हाक मारली, "माय, काही जयी ऱ्हायनं का वं?" धावत वर गेले तर फडक्यांचा बोळा धुमसत होता. काडी नाही, वीज नाही. जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते. बोळ्यात ती उष्णता कोंडते. शनिवारवाड्याचे सागवानी मजले १८२८ च्या आगीत गेले आणि जोते राहिले, हे मी शाळेत मुलांना शिकवते. त्या रात्री हातात बादली धरून तेच आठवत होते. फडकी एकतर दोरीवर सुटी वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पाडव्याला दीर आले. चप्पल काढून माडीवर चढले, गुडघ्यावर बसून फळीवर हात फिरवला आणि म्हणाले, "ही आपलीच का?" सासूबाई जिना चढत नाहीत, पण त्या दिवशी कठडा धरून चढल्या आणि खिडकीखालच्या फळीवर बसून राहिल्या.

स्लॅबचा विषय सध्या निघत नाही. पश्चिमेकडच्या तुळईला खालून टेकू दिला आहे. तिचे टोक बदलायला सुतारमामा पावसाळ्याआधी येतो म्हणालेत. त्यांच्या मागे लागायचे काम माझ्याकडे आहे.